क्रीडामंत्री महोदय, काडतुसांची बेगमी आता सरकारने करावी

प्रति,
मा. क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

महोदय,
सप्रेम नमस्कार.

फौजेतून निवृत्त झाल्यापासून मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका रायफल क्लबचे कोत सांभाळतो. कोत म्हणजे हत्यारांची खोली. दोन कुलपे, एक रजिस्टर आणि .२२ (पॉइंट टू-टू, म्हणजे लहान बोअरच्या) काडतुसांचे एक पोलादी कपाट, एवढाच आमचा संसार. पलटणीत होतो तेव्हा गोळीचा भाव कधी विचारावा लागला नाही, हिशेब मात्र झाडलेल्या गोळीच्या एकेका रिकाम्या पुंगळीचा द्यावा लागे. आता हिशेबही द्यावा लागतो आणि भावही विचारावा लागतो. म्हणून हे पत्र.

आपल्या खात्याला नेमबाजी नवी नाही. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेती झाली, राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले, आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचे (गुडघ्यावर, पालथे आणि उभे राहून नेम धरण्याच्या प्रकाराचे) कांस्य आणले. तिघेही आमच्याच जिल्ह्याचे. स्वप्नीलच्या घरच्यांनी गोळ्यांसाठी कर्ज काढल्याचे त्या आठवड्यात वर्तमानपत्रांतून आले होते. पदक मिळाल्यावर बक्षिसाचे आकडे कोटींत जाहीर झाले, आनंदच आहे. माझे म्हणणे कर्ज काढावे लागते त्या वर्षांबद्दल आहे.

थोडे कपाटाविषयी सांगतो. .२२ ची गोळी ५० च्या डबीत येते. दहा डब्यांची एक ब्रिक, दहा ब्रिकांची ५,००० ची पेटी. थ्री पोझिशनच्या पात्रता फेरीत ६० गोळ्या असतात, पॅरिसच्या अंतिम फेरीत ४५ होत्या. पण त्यासाठी पोराने रोज १०० गोळ्या, आठवड्याचे पाच दिवस, वर्षातले ४० आठवडे झाडल्या तर झाल्या २०,०००. म्हणजे एका मुलाला वर्षाला चार पेट्या, आणि हा काही फार जोराचा सराव नव्हे.

ही गोळी रिमफायर जातीची. पेटणारा मसाला तिच्या बुडाच्या कडेतच भरलेला असतो. मोठ्या बोअरची पुंगळी हौशी माणूस घरी पुन्हा भरू शकतो, हिच्या बाबतीत तो मार्गच नाही. कारखान्यातून येईल ती गोळी आणि कारखाना म्हणेल तो भाव. स्पर्धेच्या दर्जाचे कारखानेही जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. आमच्याकडे जास्त करून इंग्लंडची इली, फिनलंडची लापुआ, जर्मनीची आरडब्ल्यूएस आणि एसके येते. २०२० च्या महामारीत अमेरिकेत लोकांनी काडतुसांची दुकाने रिकामी केली. २०२२ पासून युक्रेनच्या युद्धामुळे युरोपातली बारूद आणि पितळ आधी सैन्याकडे जाऊ लागले. त्यात पौंड आणि युरोपुढे आपला रुपया. स्वप्नीलच्या त्या अंतिम फेरीत रौप्यपदक युक्रेनच्या सेर्ही कुलिशने घेतले. त्याच्या देशातल्या लढाईची झळ आमच्या कपाटातल्या डबीपर्यंत पोचली आहे, हे रजिस्टर लिहिताना कधीकधी मनात येते.

आता लॉटची गोष्ट, कारण खरी गोम तिथे आहे. लॉट म्हणजे कारखान्यात एका वेळी बनलेला माल, प्रत्येक डबीवर त्याचा नंबर असतो. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या दोन लॉटमध्येही फरक पडतो. एक लॉट एखाद्या नळीतून एका भोकात भोक पाडतो, दुसरा त्याच नळीतून फाकतो. ५० मीटरवर निशाणाचे दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे, करंगळीच्या नखाएवढे. म्हणून मोठे नेमबाज आपली रायफल घेऊन परदेशी कारखान्याच्या रेंजवर जातात, लॉट तपासतात आणि जमलेला लॉट पेट्याच्या पेट्या उचलतात. गोळी कोरड्या, थंड जागी ठेवली तर वर्षानुवर्षे टिकते, त्यामुळे साठ्याचे नुकसान काही नाही. (आमच्या कोताच्या भिंतीला जुलैत ओल येते. पण त्यावर एक लाकडी फळी आणि सिलिका जेलच्या पुड्या एवढा उपाय पुरतो.)

भाव वाढणार अशी कुणकुण लागली की काय होते, ते मी दर वर्षी पाहतो. ज्याच्या वडिलांचा पेट्रोल पंप आहे तो दोन पेट्या भरून ठेवतो. त्यात गैर काही नाही. परवान्यावर जेवढी काडतुसे मंजूर आहेत तेवढीच तो घेतो, मीही त्याच्या जागी तेच केले असते. पण मग विक्रेत्याकडचा माल संपतो, आणि ज्याचे वडील दूध डेअरीवर रोजंदारीला जातात तो मुलगा पुढच्या खेपेला वाढीव भावाने दोन डब्या घेतो. त्या वेगळ्या लॉटच्या. महिन्याने आणखी दोन, त्या तिसऱ्याच लॉटच्या. म्हणजे गोळी महागही त्यालाच पडते आणि लॉटही त्याचाच बदलतो. केंद्राने २०२० मध्ये नेमबाजांच्या काडतुसांची वार्षिक मर्यादा वाढवली, त्याचे स्वागतच. मर्यादा वाढली, खिसा मात्र तेवढाच राहिला.

आमच्याकडे अकरावीतली एक मुलगी आहे. रोज वीस गोळ्या झाडते आणि उरलेला दीड तास रिकामी रायफल धरून ड्राय सराव करते. तिचा घोडा दाबण्याचा हात बघून मला पलटणीतले चांगले चांगले नेमबाज आठवतात. मागच्या राज्य स्पर्धेआधी आठ दिवस आमच्या क्लबातला तिचा लॉट संपला. नव्या डबीने तिचा ग्रुप, म्हणजे निशाणावरचा भोकांचा पुंजका, खाली डावीकडे सरकला. साइट फिरवून केंद्र सापडले, पण फाकलेला ग्रुप साइट फिरवून जुळत नाही. परत येताना एसटीत ती एक शब्द बोलली नाही. दोष कपाटाचा होता आणि कपाट माझ्याकडे आहे.

महोदय, माझी मागणी अनुदानाची नाही. खरिपाआधी आपले सरकार युरियाचा संरक्षित साठा करते. गावची सोसायटी पावसाच्या आत खत उचलते, कारण पेरणीच्या दिवशी शेतकऱ्याने एकेक गोणी शोधत फिरू नये. गोळ्यांचेही तसेच करा. क्रीडा खात्याने एकदाच फिरता निधी उभारावा. दर जानेवारीत सगळ्या जिल्ह्यांतल्या रायफल क्लबांकडून मागणी मागवावी, राष्ट्रीय रायफल संघटनेमार्फत राज्याची एकच मोठी ऑर्डर नोंदवावी आणि शक्य तेवढा माल एकाच लॉटचा मागावा. तो पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात परवानाधारक कोठारात ठेवावा आणि क्लबांना, खेळाडूंना परवान्यावर नोंद करून खरेदीच्या भावात द्यावा. पैसे परत येतील आणि पुढच्या वर्षी त्याच पैशांतून पुन्हा माल घेता येईल. गृह खात्याला सुरक्षेची काळजी वाटणे साहजिक आहे. पण विखुरलेल्या पन्नास कपाटांपेक्षा एका कोठाराचा हिशेब ठेवणे सोपे, हे कोत सांभाळलेला कुठलाही हवालदार सांगेल.

यासोबत एक छोटी गोष्ट. परवान्यावर काडतुसांची संख्या वाढवून घेण्याचा अर्ज टेबलावर महिनोन्‌महिने पडून राहतो. तोवर भाव चढलेला असतो. खेळाडूंच्या अर्जांना मुदत घालून द्यावी.

आणि एक पत्र आपण दिल्लीला लिहावे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून उभा आहे. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाच्या सात कंपन्या झाल्या, त्यांतल्या म्युनिशन्स इंडियाचे मुख्यालय पुण्यातच आहे. शेतकरी ज्या शक्तिमान काडतुसांनी रानडुकरे हुसकावत आले, ती याच सरकारी कारखान्यांची. आमच्या नवशिक्या पोरांना सरकारी .२२ गोळी चालते, हात बसेपर्यंत तिच्यावर भागते. पण स्पर्धेला ती नेता येत नाही, ग्रुप धरत नाही. इलीला बर्मिंगहॅममध्ये जमते ते पुण्यात का जमू नये, एवढे विचारायला हरकत नाही. यंत्रे, नळ्या, तपासणी यांना वेळ लागेल हे मला कळते. तोवर बेगमी तरी करू.

आमच्या क्लबाची पुढच्या वर्षाची मागणी मी काढून ठेवली आहे, थ्री पोझिशनची आणि २५ मीटर पिस्तुलाची वेगवेगळी. कुठल्या कार्यालयात पाठवायची, तेवढे कळवावे.

आपला नम्र,
एक माजी सैनिक व रायफल क्लबाचा कोत सांभाळणारा
जि. कोल्हापूर