झाडू मारायला कसली शाळा?

प्रति,
मा. मंत्री,
कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

साहेब, सविनय नमस्कार.

मी नाशिकची, पंचवटीत राहते. 2000 सालापासून रुग्णालयांत हाऊसकीपिंग करते. 'मावशी' म्हणून लागले, आता सुपरवायझर आहे. हाताखाली बावीस मावश्या आणि मामा आहेत.

पत्र लिहायला निमित्त झाला आमच्या गल्लीतला एक मुलगा. वय सोळा. नववीत शाळा सुटली, एका मारामारीत नाव आलं, काही दिवस उंटवाडीच्या निरीक्षणगृहात राहून आला. आता कोपऱ्यावर दुसऱ्याच्या गाडीवर बसलेला असतो. 2025 च्या ऑक्टोबरात पोलिसांनी गुंडांच्या तोंडून 'नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला' वदवून घेतलं, ते व्हिडिओ आपणही पाहिले असतील. आम्हा नाशिककरांना बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्याच आठवड्यात आमच्या कोपऱ्यावरची बारकी पोरं तेच वाक्य म्हणत हसत रील काढत होती. धाक चार दिवस पुरतो. पाचव्या दिवशी सकाळी उठून त्या पोराने जायचं कुठे?

मी त्याच्यासाठी चौकशी केली. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीवाल्याला महिना 6,000, आयटीआय-पदविकेला 8,000, पदवीधराला 10,000 रुपये. वय मात्र 18 ते 35 हवं. आमचा गडी ना अठराचा, ना बारावीचा. सातपूरच्या आयटीआयमध्ये चौदा वर्षं पूर्ण झाली की घेतात, पण बहुतेक ट्रेडला दहावी पास लागते. म्हणजे पोरं ज्या वयात हातची जातात, त्या वयाला आपल्या योजनांचं दार बंद आणि दार उघडेपर्यंत पोरगं कुठल्या कुठे पोचलेलं.

म्हणून माझं मागणं एवढंच आहे. शाळा सुटलेल्या चौदा ते अठरा वयाच्या मुलामुलींसाठी इमारतींची स्वच्छता-देखभाल आणि बागकाम असा एक वर्षाचा ट्रेड काढा. विद्यावेतन द्या. दहावीची अट ठेवू नका.

हे मी त्या मुलाच्या आईला सांगितलं तर ती म्हणाली, "ताई, झाडू मारायला कसली शाळा? आणि आमच्याच पोराच्या हातात झाडू का?"

दोन्ही प्रश्न खरे आहेत. पहिल्याचं उत्तर माझ्याकडे पहिल्या वर्षापासून आहे. कामाला लागून तीन महिने झाले असतील. संडासाच्या भांड्यावर पिवळा थर होता, तो जाईना. मी ॲसिड ओतलं आणि वरून ब्लीच ओतलं, दुप्पट साफ होईल म्हणून. त्या दोन्हींचा क्लोरीन वायू होतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. डोळ्यांना धार लागली, छाती आवळली, दोन दिवस खोकत घरी पडले आणि त्या दोन दिवसांचा पगारही कापला गेला. आजही रोज कुठल्या तरी सोसायटीत कुणीतरी हेच करत असणार.

हे काम म्हणजे काय ते बाहेरच्याला दिसत नाही. सफाईच्या औषधांच्या बाटल्यांवरचे आर-वन, आर-टू, आर-सिक्स कुठे वापरायचे, कुठलं औषध किती पाण्यात टाकायचं. संडासाचं फडकं वॉशबेसिनला लागता कामा नये म्हणून फडक्यांचे रंग वेगळे. पोछा आतल्या कोपऱ्यातून दाराकडे आणायचा. रुग्णालयात पिवळी, लाल, पांढरी, निळी अशी कचऱ्याची विभागणी, आणि सुई गेली पाहिजे ती न टोचणाऱ्या पांढऱ्या डब्यातच, नाहीतर पुढच्या माणसाच्या हातात घुसते. फरशी घासायचं सिंगल डिस्क मशीन तर पहिल्यांदा धरणाऱ्याला रेड्यासारखं ओढत नेतं. जोर लावला की जास्तच पळतं. हँडल नुसतं किंचित वर-खाली करायचं, मग ते डावी-उजवीकडे सरकतं. एका रविवारी ओळखीच्या हॉलमध्ये मी त्या मुलाला ते शिकवत होते. पहिल्या झटक्यात भिंतीवर आदळला, पोरं हसली, शिवी घातली त्याने. दहा मिनिटांनी ते मशीन एका हाताने चालवत होता. नंतर विचारलं, "एकास वीस म्हणजे एका बादलीत किती टोपणं?" गणितातच नापास झाला होता तो.

दुसरा प्रश्न जड आहे. माझे सासरे नाशिकला नगरपालिका होती तेव्हापासूनचे सफाई कामगार. 1982 ला महापालिका झाली, त्यांचं काम तेच राहिलं. पुढे धाकटे दीर वारसा हक्काने लागले. सफाई कामगाराच्या जागी वारसाला नोकरी देणाऱ्या लाड-पागे समितीच्या शिफारशींनी आमच्यासारखी कितीतरी घरं तगली, त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण नोकरीबरोबर झाडूही वारशात येतो, हे आमच्या घरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आपल्या खात्याने 'बिघडलेल्या' पोरांसाठी म्हणून हा वर्ग काढला आणि त्यात एकाच समाजाची पोरं बसली, तर तो न काढलेला बरा.

यावर जालीम उपाय माझ्याकडे नाही. एक मात्र कळतं, की वर्ग कुठे भरतो त्यावर पुष्कळ अवलंबून आहे. वस्तीतल्या समाजमंदिरात भरवलात, तर तो कुणासाठी आहे ते पहिल्याच दिवशी सगळ्यांना कळेल. सातपूरच्या आवारात, फिटर आणि इलेक्ट्रिशियनच्या शेजारच्या शेडमध्ये भरवा, तोच गणवेश द्या. सोबत नळाचं आणि विजेचं जुजबी काम शिकवा. आणि गटार, चेंबर, सेप्टिक टँक यांच्या जवळपासही या मुलांना नेऊ नका. हाताने मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणारा 2013 चा कायदा आहेच, पण ठेकेदार कायदा वाचून माणूस खाली उतरवत नाही.

बागकाम जोडायला मी मुद्दाम सांगते आहे. आपल्याकडे कात्री धरणारे हात मूळचेच आहेत. द्राक्षाच्या ऑक्टोबरातल्या गोडी छाटणीला पेठ-सुरगाण्याहून टोळ्या उतरतात. डोळे मोजून काडी कुठे कापायची ते त्यांना जितकं कळतं तितकं पुस्तकवाल्याला कळणार नाही. गंगापूर रोडला, पाथर्डी फाट्याला प्रत्येक नव्या सोसायटीला लॉन हवं आणि माळीकाका हवेत. मिळतो तो नुसता पाणी मारणारा माणूस. गुटी, कलम, आळं, आच्छादन, ठिबकची नळी चोंदली तर काय करायचं, हे शिकलेला मुलगा पुढे दहा सोसायट्या स्वतंत्र धरू शकतो. सफाईत ते कठीण आहे, तिथे मध्ये एजन्सी असतेच.

2027 चा सिंहस्थ तोंडावर आहे. तपोवनातली झाडं तोडू नयेत म्हणून नाशिककर रस्त्यावर आले, मग नवी झाडं लावू म्हणून सांगण्यात आलं. लावणं एका दिवसाचं काम आहे, फोटोही निघतात. तीन उन्हाळे पाणी कोण घालणार? घाटांच्या सफाईला तर झुंबड लागेल. ठेकेदार पोरं गोळा करतील, पर्वणी संपली की सोडून देतील. तीच पोरं आपल्या वर्गातून गेली, तर हातात निदान प्रमाणपत्र उरेल.

वेळेचं एक सांगायचं राहिलं. कायद्याप्रमाणे अठराच्या आतल्या मुलाला संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी आठच्या आत कामाला लावता येत नाही, दिवसात सहा तासांहून जास्त नाही. आमची पहिली पाळी सकाळी सातची. तेव्हा प्रात्यक्षिकाला मुलं पाठवाल तर ती साडेआठला पाठवा, नाहीतर कागदावर एक आणि फरशीवर दुसरं असं होईल. बाल न्याय कायदा, 2015 प्रमाणे बाल न्याय मंडळ गुन्ह्यात सापडलेल्या मुलाला सामुदायिक सेवा करायला सांगू शकतं. त्यात बागेची निगा आली तर तीही याच शेडमध्ये शिकवा. शिक्षा म्हणून उपटलेलं गवत महिन्यात परत उगवतं.

आता शिकवणार कोण, हा प्रश्न उरतो. आपल्या नियमाने शिल्प निदेशक व्हायला पदविका किंवा आयटीआयची कागदपत्रं लागतात. माझी नववी झाली आहे. माझ्या हाताखालच्या एका मावशीला सही येत नाही, पण फरशीवरचा डाग नुसता बघून तो गंजाचा, चुन्याचा की तेलाचा ते सांगते. रविवारी त्या मुलाला तीच जास्त शिकवते. तिला निदेशक म्हणून कुठल्या रकान्यात बसवता येईल, तेवढं आपल्या अधिकाऱ्यांना पाहायला सांगा.

आपली,
एक हाऊसकीपिंग सुपरवायझर,
पंचवटी, नाशिक