विरलेल्या शर्टाविषयी

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

शर्टाचे फोटो पाहिले. उजव्या कोपरावरचं भोक, कॉलरच्या घडीवर सुटलेल्या दशा, डाव्या कफाची झिजलेली कड, सगळं नीट दिसलं. ‘टाकून देऊ का’ असं विचारलंस; पण टाकायचाच असता तर विचारलं नसतंस, टाकून मोकळा झाला असतास. नको टाकूस. मात्र आहे तसा घालतही राहू नकोस. भोक एकदा पडलं की पुढचं फाटणं भराभर होतं आणि चार-दोन धुण्यांत कपडा डागडुजीच्या पलीकडे जातो.

जुन्या कपड्यात जीव अडकतो म्हणून लाजायचं काही कारण नाही. डोनाल्ड विनिकॉट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषकाने १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात लहान मुलांच्या लाडक्या दुपट्या-चिंध्यांविषयी फार समजूतदारपणे लिहिलं आहे. आई ती वस्तू मळू देते, तिला वास येऊ लागला तरी धूत नाही, कारण धुतली की मुलाच्या अनुभवात खंड पडतो, हे त्याचं निरीक्षण. पुढे २००८ मध्ये ब्रूस हूड आणि पॉल ब्लूम या मानसशास्त्रज्ञांनी ३ ते ६ वर्षांच्या मुलांना एक ‘नक्कल करणारं यंत्र’ दाखवून प्रयोग केला. आपली लाडकी वस्तू यंत्रात घालायलाच काही मुलांनी नकार दिला, आणि ज्यांनी घातली त्यांतल्या बहुतेकांना हुबेहूब नक्कल नको होती, आपलीच परत हवी होती. म्हणून ‘अगदी तस्साच नवा घे’ असं मी तुला सांगणार नाही. आहे तोच कसा टिकवायचा ते सांगते.

आधी शर्ट खिडकीपाशी उजेडासमोर धर. ताणू नकोस, नुसता धर. जिथून उजेड जास्त झिरपतो तिथे कापड विरलंय. भोकाच्या भोवती असा एक पट्टा तुला नक्की दिसेल, आणि खरं काम त्या पट्ट्याचं आहे. बहुतेक जण भोक तेवढं बुजवतात, महिन्याभरात त्याच्याच कडेने नवी फाट जाते, आणि दोष रफूला मिळतो. विरलेल्या भागाची हद्द पांढऱ्या दोऱ्याच्या लांब कच्च्या टाक्यांनी आखून घे. पेन वापरू नकोस, शाई धुण्यात पसरते.

हे विरणं म्हणजे काय ते समजून घे, म्हणजे पुढच्या सूचना पाठ कराव्या लागणार नाहीत. नव्या सुती कापडाला खळ असते, म्हणून ते ताठ लागतं. धुण्यागणिक खळ निघून जाते, सुताचा पीळ सैलावतो. कापसाचा एक तंतू साधारण २५ ते ३० मिलिमीटर लांब. असे असंख्य तंतू निव्वळ पिळाच्या जोरावर एकमेकांना धरून असतात. घासलं गेलं की ते तुटतात, सुटतात आणि पाण्याबरोबर निघून जातात. धुण्याच्या मशीनच्या जाळीत साठणारी लव ही आपल्या कपड्यांचीच असते. तुला या शर्टाचा जो मऊपणा आवडतो, तो असा कापड कमी होत होत आलेला आहे. म्हणून शर्टापेक्षा बळकट असं काहीही त्याला लावायचं नाही. मजबुतीसाठी पॉलिएस्टरचा दोरा वापरशील तर तो तुटणार नाही, पण ताण आला की शेजारचं जुनं सूत सुरीसारखा कापेल. इस्त्रीने चिकटवायचं तयार ठिगळही नको. त्याचा गोंद कापड पुठ्ठ्यासारखं ताठ करतो, सगळा वाक ठिगळाच्या कडेवर येतो आणि तिथेच शर्ट फाटतो. शिवाय तो गोंद पुन्हा धड निघत नाही.

रफूला सगळ्यात चांगला दोरा शर्टातच आहे. खालच्या दुमडीत किंवा बाजूच्या शिवणीच्या आतल्या बाजूला थोडं जादा कापड असतं, त्याच्या कडेचे धागे सुईच्या टोकाने एकेक करून ओढून काढ. रंग तोच, जाडी तीच, आणि शर्टाबरोबर इतकी वर्षं धुतलं गेल्यामुळे ते आता आणखी आटणार नाहीत. ते पुरले नाहीत तर बारीक सुती दोरा घे, आधी कोमट पाण्यात भिजवून वाळव, आणि एकेरीच ओव. एका वेळी ४० ते ४५ सेंटिमीटरपेक्षा लांब दोरा घेऊ नकोस, कापडातून वारंवार गेल्याने तो स्वतःच झिजतो. सुई लांब आणि बारीक. गाठ मारू नकोस. गाठ पुढे घासते आणि तिथे नवं भोक पाडते. ५ सेंटिमीटरचं शेपूट मोकळं सोड, शेवटी तेच उलट्या बाजूने विणीत ओवून टाक.

बाहीच्या आत एखादी गुळगुळीत, गोलसर वस्तू ठेव, उपडी वाटी चालेल. कापड तिच्यावर नुसतं टेकलेलं हवं. ताणून बसवलंस तर वाटी काढल्यावर रफूचा भाग चुरमडतो. भोकाच्या कडेच्या दशा कापायचा मोह होईल, पण त्यांना हात लावू नकोस, त्याही विणीत घ्यायच्या आहेत. आता उभ्या धाग्यांच्या दिशेने बारीक धावदोरा घालत जा. भोकाच्या कडेपासून निदान १ सेंटिमीटर अलीकडे, म्हणजे तू आखलेल्या हद्दीच्याही जरा बाहेर, धडक्या कापडात सुरुवात कर. भोकावरून दोरा सरळ पलीकडे ने, पलीकडच्या धडक्या कापडात तितकाच आत जा आणि वळ. दोन ओळींमध्ये एका दोऱ्याएवढंच अंतर. प्रत्येक वळणावर दीड-दोन मिलिमीटरचा सैल फास राहू दे. नवा दोरा पहिल्या धुण्यात आटला की तो त्यात सामावतो. फास नसेल तर सगळं रफू आखडून गोळा होतं.

यात एक गोष्ट फार जण चुकतात. सगळ्या ओळी एकाच सरळ रेषेत संपवू नकोस. एक ओळ थोडी पुढे, दुसरी थोडी मागे, असं वरखाली कर. रेषा सरळ आली तर सगळा ताण तिच्यावर पडतो आणि रफूचा चौकोन कडेने अख्खा निघून येतो. उभ्या ओळी झाल्या की आडव्या घाल: एक धागा वरून, एक खालून, परतताना उलट. सुईच्या टोकाने प्रत्येक ओळ आधीच्या ओळीला हलकेच टेकव. पेराएवढ्या भोकाला दीड-दोन तास लागतील. घाई केलीस तर ओळी विरळ होतील आणि कोपर पुन्हा बाहेर येईल.

विरलेला पट्टा तळहातापेक्षा मोठा निघाला तर एकटं रफू पुरणार नाही. मग आतून आधाराचं कापड लाव: जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं, शर्टाएवढंच किंवा त्याहून पातळ सुती. नवं कोरं कापड आटतं आणि वरचं कापड गोळा करतं. विरलेल्या भागाच्या चारी बाजूंना २ सेंटिमीटर जास्त काप, कोपरे गोल कर, उभे-आडवे धागे शर्टाच्या धाग्यांशी जुळव, आणि कडेने बारीक टाके धडक्या कापडातच घे. मग वरून विरलेल्या भागावर धावदोऱ्याच्या ओळी घालून दोन्ही थर एकत्र धर.

कॉलर उलटता येते, हे तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही. मानेवर घासते ती वरची बाजू, खालची जवळजवळ नवी असते. खालच्या बाजूचं कापड वेगळ्या रंगाचं नाही ना, आणि कॉलर ताठ ठेवणाऱ्या पट्ट्यांचे छोटे खिसे तिथे नाहीत ना, एवढं आधी बघ, कारण उलटल्यावर ते वर दिसतील. कॉलरचा आणि तिच्या खालच्या उभ्या पट्टीचा मध्य दोऱ्याने खूण करून ठेव. मग ज्या टिपेने कॉलर त्या पट्टीत अडकवलेली आहे तेवढीच टीप उसव. एका बाजूने दर तिसरा-चौथा टाका काप, दुसऱ्या बाजूने दोरा ओढ. तो लांबच लांब निघून येईल. पट्टी मानेशी जिथे शिवलेली आहे ती शिवण अजिबात उसवू नकोस. कॉलर सुटली की फाटलेल्या घडीवर आधी रफूच्या चार-पाच ओळी घाल. आता ती बाजू खाली लपणार असली तरी झिजणं थांबत नाही. मग कॉलर पालटून मध्याला मध्य जुळव, कच्चा टाका घाल, एकदा गळ्याशी धरून दोन्ही टोकं सारखी येतात का पाहा, आणि जुन्या सुईच्या भोकांवरूनच अडीच मिलिमीटरच्या टाक्यांनी टीप मार. मशीन नसेल तर हाताने उलटी टीप. हे एका कॉलरला एकदाच करता येतं.

कफाचं सोपं आहे. डावाच झिजलाय तो घड्याळामुळे. झिजलेली कड २-३ मिलिमीटर आत दुमडून बारीक टाक्यांनी हेम घाल, आणि हा शर्ट घालशील तेव्हा घड्याळ काढून ठेव. खांद्याला पट्टा घासणारी बॅगही नको. टेबलावर बसताना बाह्या कोपराच्या वर घे.

धुण्याआधी दुरुस्ती, हा क्रम मोडू नकोस. पाण्यात घुसळलं की भोक वाढतं. फारच मळलेला असेल तर भोकावर जाळीचं कापड सैल टाक्यांनी टाचून मग धू. पाणी ३० अंशांचं, म्हणजे हाताला जेमतेम कोमट. ५ लिटर पाण्यात चमचाभर सौम्य द्रव साबण, १५ मिनिटं भिजव, वरखाली दाबत राहा, चोळू नकोस. फेस दिसेनासा होईपर्यंत स्वच्छ पाण्यातून काढ, कारण उरलेला साबण आणि घाम हीच पुढच्या पिवळ्या डागांची बी. पिळू नकोस. टॉवेलमध्ये गुंडाळून दाब आणि सावलीत, उलटा करून, आडवा पसरून वाळव. सूत ओलं असताना उलट जास्त बळकट असतं, त्यामुळे याला हात लावायला फार भिऊ नकोस. लोकर, रेशीम आणि व्हिस्कोस मात्र ओली झाली की कमजोर होतात, ती उचलताना खालून दोन्ही हातांनी आधार द्यावा लागतो. काखेतले जुने पिवळे डाग राहिले तर राहू देत. क्लोरीनच्या ब्लीचने ते कधीकधी आणखी पिवळे होतात, आणि सूत खाल्लं जातं ते वेगळंच.

वास जपायचा की कपडा, हा प्रश्न तुझ्या या शर्टाचा नाही, पण कुणाच्या आठवणीचा कपडा असला की तो पडतोच. वास उडून जाणारा असतो, आणि ज्या घामा-तेलात तो असतो तेच कपड्याला पिवळं करतात आणि किडीला बोलावतात. दोन्ही पूर्ण जपता येत नाहीत. अशा वेळी एखादा रुमाल किंवा काढता येणारा पट्टा न धुता घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, अंधारात ठेवावा आणि बाकीचा कपडा धुवावा. बरणी उघडावी तितका वास कमी होतो, म्हणून क्वचितच उघडावी.

शर्ट घालत नसशील तेव्हा हँगरला टांगू नकोस, विरलेल्या खांद्यांवर सगळं वजन येतं. धुतलेल्या, बिनरंगी सुती पिशवीत सैल घडी करून ठेव, प्रत्येक घडीत आम्लविरहित पातळ कागदाची गुंडाळी घाल आणि दर सहा महिन्यांनी घडी वेगळ्या जागी मोड. घडी त्याच रेषेवर राहिली तर कापड तिथे तुटतं. प्लास्टिकची पिशवी नको, दमट हवा आत कोंडते. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकली की बुरशी धरते. उजेडाने होणारं नुकसान भरून येत नाही. संग्रहालयांत नाजूक कापडांवर ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपासच, म्हणजे मंदच उजेड ठेवतात तो याचसाठी. स्टार्च करून ठेवू नकोस, कसर-झुरळांना तो आवडतो. लोकरीला लागणारी कसर वेगळी: तिचे पतंग काही खात नाहीत, अळ्या खातात. तसा लोकरी कपडा हवा काढलेल्या बंद पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवावा, आणि बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस बंदच राहू द्यावी, नाहीतर थंड कापडावर पाणी धरतं. डांबराच्या गोळ्या मात्र कपाटात असतील तर आजच काढ. त्यांची वाफ माणसालाही चांगली नाही, तान्ह्या बाळांना तर धोक्याची.

आज एवढंच कर: भोकावर जाळी टाच आणि विरलेल्या भागाची हद्द आख. रफूच्या पहिल्या चार ओळी झाल्या की दिवसाच्या उजेडात अगदी जवळून फोटो काढून पाठव. ओळी कुठे संपतात ते मला पाहायचं आहे. सरळ रेषेत आल्या असतील तर उसवायला लावीन.

तुझी,
आई