विषय : जिन्याखालील राडारोडा, आणि तो उचलण्याचा खर्च

मा. अध्यक्ष, सप्रेम नमस्कार.

तोंडी सांगून झाले, व्हॉट्सॲप ग्रुपवर आपला अंगठाही आला. आता लेखी देतो, पोच द्यावी.

बी विंगमधील तिसऱ्या मजल्यावरच्या सभासदांनी बाथरूम नवे केले. आनंद आहे. जुने बाथरूम मात्र दिवाळीपासून आमच्या जिन्याखाली आहे. सिमेंटच्या गोण्या फाटून निळ्या फुलांच्या टाइल्स बाहेर आल्यात आणि फुटका कमोड थेट माझ्या मीटरबॉक्सकडे तोंड करून बसलाय. ढीग दिसला की माणसाचा हात सैल सुटतो, त्यामुळे आता त्यावर ओल्या कचऱ्याच्या पिशव्याही पडतात. कचरा न्यायला येणाऱ्या ताई म्हणतात, ‘काका, आम्ही ओला-सुका नेतो, विटा नाही.’ बरोबरच आहे त्यांचे. राडारोडा वेगळा ठेवायचा आणि ज्याने केला त्याने स्वखर्चाने हलवायचा, हा नियम २०१६ पासून आहे. (याच सभासदांचे शू-रॅक, गॅलरीतून गळणाऱ्या कुंड्या आणि दुपारी दोनचे ड्रिलिंग हे विषय मी इथे काढत नाही.)

आता कळते की कमिटी सोसायटीच्या फंडातून टेम्पो करणार आहे. का? दुरुस्तीपूर्वी घेतलेले डिपॉझिट मग कशासाठी असते? शिवाय टेम्पोवाल्याला मी सहज विचारले, कुठे टाकणार? म्हणाला, ‘बघू, नदीकडेला.’ मुठेचे पात्र अशाच ‘बघू’ने भरत आले आहे. फुरसुंगी-उरुळीच्या कचरा डेपोवर पाठवा, असे आपण सुचवलेत. कोथरूडचा कचरा डेपो तिकडे हलला, तिथे मेट्रोचा डेपो झाला, आपल्या फ्लॅटचे भाव वाढले. आणि आपले कमोडही उरुळीकरांनीच सांभाळायचे? पुणे महापालिकेचा राडारोड्यावरील प्रक्रिया प्रकल्प वाघोलीला आहे. तिथे त्याचे पेव्हर ब्लॉक होतात. लांब पडते, पैसे जास्त लागतात, मान्य. पण ते कोणाचे, एवढाच प्रश्न आहे.

ए विंगमधल्या बहुतेकांचे हेच मत आहे. ते बोलत नाहीत, कारण त्यांच्याकडेही किचनचे काम निघणार आहे.

तरी खर्च संबंधितांच्या डिपॉझिटमधून वळता करावा आणि वाघोलीची पावती नोटीस बोर्डावर लावावी. तोवर हा ढीग आपल्या राखीव पार्किंगमध्ये हलवावा. आपली गाडी तशीही गेटसमोरच उभी असते.

आपला,
ए विंग, तळमजला