त्या रात्री १४४१६ वर फोन उचलणाऱ्या ताईंना

आईला अल्झायमर आहे, हे चौथं वर्ष. दिवेलागणीला तिची घालमेल सुरू होते. "मला घरी जायचंय," म्हणत ती दाराची कडी चाचपत राहते. घर म्हणजे वाई, तिचं माहेर. गेल्या महिन्यात एका रात्री मी तिचा हात झिडकारला, ओरडले. ती भिंतीला टेकून मलाच म्हणाली, "बाई, मारू नका हो."

बाथरूममध्ये जाऊन मी टेलिमानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावला. अडीच वाजले होते. कितीतरी वेळ मी नुसती रडत होते, तुम्ही फोन ठेवला नाहीत. मग पहिलं विचारलंत, "तुम्ही जेवलात का?" दुपारपासून पोटात काही नव्हतं. फोन चालू ठेवूनच तुम्ही मला दूधभात खायला लावलात. घास संपेपर्यंत थांबलात. हे मी कसं विसरू?

मग म्हणालात, हेच तुझं घर असं पटवत बसू नका, माहेरच्या अंगणाबद्दल विचारा. आणि भावाकडे दोन रात्री स्पष्ट मागा.

आता शनिवार-रविवार दादा येतो, मी झोपते. काल आई अंगणातल्या प्राजक्ताबद्दल बोलत होती, बराच वेळ. ताई, तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. मनापासून आभार.