ती. आई-बाबांस, नैरोबीहून

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर जीभ रेटली नाही, म्हणून लिहितेय. आणखी दोन वर्षं इथेच राहायचं ठरवलंय. ठरवलंय म्हणजे सही करून झाली. आई, लगेच डोळ्यांना पदर लावू नकोस. बाबा, मोठ्यानं वाचत असाल तर थांबा आणि आधी पाणी प्या.

पैशासाठी नाही. म्हणजे पैशासाठीही आहे, हप्ते तुम्हाला माहीत आहेतच. पण दवाखान्यांतून येणाऱ्या प्रेशरच्या नोंदी आता कुठे जुळायला लागल्यात, त्या अर्धवट टाकून यायचं जिवावर येतं. इथली माणसंही 'प्रेशा'च म्हणतात, बरं का! एखादी बाई येते, कपाळाला हात लावते नि म्हणते, प्रेशा आहे, पण गोळ्या सोडल्यात. मला हुबेहूब आत्या दिसते. आत्यानंही गोळ्या अशाच सोडल्या होत्या.

बाबा, तुम्ही म्हणालात, तू लांब गेलीस तेव्हापासून माझं प्रेशर वाढलंय. लागलं ते मला. झोप येईना, तेव्हा जुने अभ्यास काढून बसले. १९२९ साली डॉनिसन नावाच्या डॉक्टरनं केनियातल्या एका दवाखान्यातला आपला दोन वर्षांचा अनुभव छापला. वाढलेल्या प्रेशरचा रोगीच त्याला सापडला नव्हता. चाळिशीनंतर तर इथल्या माणसांचं प्रेशर उतरतं, असं त्यानं लिहून ठेवलंय.

मग माणसं शहरात आली. १९९० साली छापलेला एक अभ्यास आहे. व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या खेड्यांतली लुओ जमातीची पोरं-पोरी, ३२५ नैरोबीला आलेली आणि २६७ गावीच राहिलेली. दोन वर्षं दोन्हीकडे मोजत राहिले. नैरोबीला आलेल्यांचं प्रेशर गावाकडच्यांपेक्षा चढलं, आणि तेही आल्या आल्या, थोड्याच महिन्यांत. लघवी तपासली तर पोटॅशियमच्या मानानं सोडियम वाढलेलं, म्हणजे आपलं मीठच.

तेव्हा बाबा, कागदावर बघाल तर प्रेशर गाव सोडणाऱ्याचं चढतं, मागे राहिलेल्याचं नाही. जिंकले की नाही मी? (लिहिलं आणि खोडणार होते. त्यात सगळे पंधरा ते चौतीस वयाचे होते. त्यांच्या आई-बापांचं कुणी मोजलंच नाही.)

माझी काळजी करू नका. माझं ११८-७६ आहे. नैरोबी सुमारे १,८०० मीटरवर, महाबळेश्वरापेक्षाही उंच, पंखा लागत नाही. गुजराती दुकानात तूरडाळ, हिंग, पोहे सगळं मिळतं. इथे चपातीला चपातीच म्हणतात, फक्त ती जाड नि तेलकट असते. आई, तुझा गोडा मसाला अजून दोन वाट्या शिल्लक आहे. पुरवून वापरतेय, संपवायचं मन होत नाही.

काल ढग उतरले होते नि एकदम केळघरचा घाट आठवला. बाबांची ड्यूटी, मी बॉनेटवर बसलेली, पोटात ढवळलं की बाबा तिकिटांचा पंच टकटक वाजवत म्हणायचे, "मनूताई, पुढचा स्टॉप घर." सगळी गाडी हसायची. अजूनही कुठे उलटी आल्यासारखं झालं की मी तेच मनात म्हणते.

आता कामाचं. एकादशीला गोळी चुकवायची नाही. उपासाला गोळी चालते, मी देवाला विचारलंय. पायाला सूज येते म्हणून परस्पर बंद केलीत हे मला आईकडून कळलं (आईला रागवू नका). ती सूज बहुतेक अमलोडिपिनची, म्हणजे तुमच्या त्या प्रेशरच्या गोळीची. डॉक्टरांना सांगितलं तर ते डोस किंवा गोळी बदलतील. पण ते औषध वाईट नाही. केनियासह सहा देशांतल्या ७२८ आफ्रिकी रुग्णांवर दोन-दोन औषधांच्या जोड्या तपासल्या होत्या, २०१९ साली निकाल आला, अमलोडिपिन असलेल्या दोन्ही जोड्या सरस ठरल्या. हे वाचून डॉक्टरांना शिकवायला जाऊ नका हं. ते इथल्या लोकांचं झालं, तुमचं तुमचे डॉक्टर बघतील.

दक्षिण आफ्रिकेत २०१६पासून पावात किती मीठ घालायचं याचासुद्धा कायदा लागू आहे. आपल्या घरात कायदा आईचाच, आणि आईच ताटात खाराची मिरची वाढते! आई, तुझ्या हाताला नावं ठेवत नाहीये. पापड, सांडगे, लोणचं यातलं एका जेवणाला एकच, एवढंच. वरून मीठ घ्यायची वाटी ताटाजवळून उचल.

मोजताना आधी पाच मिनिटं गप्प बसायचं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. चहा त्याआधी अर्धा तास नाही. दोनदा मोजायचं. आणि बाबा, पहिला आकडा जास्त आला म्हणून मशीनला शिव्या देऊन तिसऱ्यांदा मोजायचं नाही.

आकडे वहीत लिहा, वेबिल लिहायचात तसे, तारीख-वेळ घालून, खाडाखोड न करता. रविवारी तुमच्याकडे साडेनऊ वाजले की माझ्याकडे सात. तेव्हा फोन करीन. आई, वही तू वाचून दाखव. बाबा आकडे गाळतात.

तुमची
मनू