बोटीतली खोट

प्रिय मन्या,

परवा फोनवर म्हणालास की ‘मॉबी डिक’ बत्तिसाव्या प्रकरणात सोडून दिलं, आणि वर मलाच सुनावलंस की तुझी ही बोटींची पुस्तकं म्हणजे दोरखंडांच्या नावांची यादी, अधूनमधून कुणीतरी बुडतं एवढंच. तेव्हा मी नुसता हसलो, पण फोन ठेवल्यावर लागलं रे. बोट लागते तसं नाही, मनाला लागलं. म्हणून हे पत्र. लांबणार आहे, आधीच सांगतो, एका बैठकीत वाचू नकोस.

बत्तिसावं प्रकरण मलाही झेपलं नव्हतं, कबूल. गोष्ट आत्ता कुठे रंगात येतेय, कॅप्टन आत्ता कुठे डेकवर दिसलाय, आणि हा लेखक मेलव्हिल देवमाशांचं वर्गीकरण काढून बसतो, तेही छापील पुस्तकांच्या आकारांवरून, थोरले मासे फोलिओ, मधले ऑक्टेव्हो, बारके ड्युओडेसिमो. पहिल्यांदा वाचताना मला वाटलं बाइंडरने चुकून दुसऱ्याच पुस्तकाची पानं घातली की काय.

पण दोरखंडांचं म्हणशील तर ते कळावे लागतच नाहीत. इतकी वर्षं वाचतोय, कुठलं शीड कुठल्या काठीला ते मला आजही धड सांगता येणार नाही. पॅट्रिक ओब्रायनच्या त्या वीस कादंबऱ्यांत मॅच्युरिन नावाचा डॉक्टर आहे, भाषा चार-पाच येतात, पक्षी-किडे सगळे ओळखतो, पण बोटीतलं त्याला काडीचं कळत नाही आणि होडीतून जहाजावर चढताना पाण्यात पडतो. पहिल्याच पुस्तकात, १९६९ च्या, एक पोरगेला अधिकारी त्याला डोलकाठीवर नेऊन सगळी नावं समजावतो. तो डॉक्टर म्हणजे तू आणि मी. लेखकालाही माहितीये आपल्याला कळणार नाही, फक्त ते शब्द कानावरून जावेत एवढीच त्याची अपेक्षा. आणि ज्यांना कळायला पाहिजे त्यांची तरी काय कथा, तो फॉरेस्टरचा हॉर्नब्लोअर, पुढे एवढा मोठा होतो, त्याची सुरुवात काय तर नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजावर त्याला बोट लागते. उभ्या!

तर मी काय करतो सांगू? कादंबरीत बोट आली की तिच्या डोलकाठ्या मोजत नाही, तिच्यात खोट काय ते शोधतो. चांगल्या लेखकाने बोट दिली म्हणजे त्यात काहीतरी चुकलेलं दिलेलंच असतं, आणि ते बहुतेक वेळा अगदी बारीक असतं, एका वाक्यात येऊन जातं. ते सापडलं की मग बाकीचं आपोआप लागतं.

रॉबिन्सन क्रूसो घे. लहानपणी आपण जो वाचला तो संक्षिप्त, त्यात वाळूतला पावलाचा ठसा आणि पोपट एवढंच. मूळ पुस्तकात (१७१९) त्याच्या होडीची गोष्ट आहे, ती मला त्या ठशापेक्षा जास्त आवडते. गडी बेटावरून सुटायला म्हणून देवदाराचं एक अवाढव्य झाड निवडतो, बुंध्याशी जवळजवळ सहा फूट जाड. वीस दिवस नुसता बुंधा तोडण्यात, चौदा दिवस फांद्या छाटण्यात, महिनाभर बाहेरून आकार द्यायला, आणि आतून कोरायला तीन महिने. होडी झाली झक्कास, सव्वीस माणसं बसतील एवढी. आणि पाणी शंभर यार्डांवर, मधे चढ! हा एकटा, ती तसूभर हलत नाही. पाणीच होडीपर्यंत आणावं म्हणून कालवा खणायचा हिशोब करतो तर दहा-बारा वर्षं निघतात. गंमत म्हणजे काम चालू असताना हा प्रश्न त्याच्या मनात येत होता, दर वेळी तो स्वतःला म्हणायचा आधी तयार तर होऊ दे, नेण्याचं मग बघू. माझ्या ओळखीच्या निम्म्या लोकांची चरित्रं या एका वाक्यात आहेत, माझं धरून. पुढे तो लहान होडी करतो आणि तिच्यासाठी जवळजवळ अर्धा मैल कालवा खरंच खणतो, दोन वर्षं लावून, पण मोठी होडी तिथेच पडून राहते आणि मला पुस्तक मिटल्यावर तीच दिसते, झाडीत, कोरडी ठणठणीत.

काही बोटींची खोट चढलेल्या माणसांत असते. ‘ट्रेझर आयलंड’मधली हिस्पॅनिओला म्हणजे देखणी बोट, फक्त खलाशी जमवायचं काम जमीनदारसाहेबांनी ज्याच्यावर सोपवलं तो एका पायाचा आचारी स्वतःच चाच्यांचा म्होरक्या. ते पिंपातलं प्रकरण आठवतंय ना? बोटीवरचा पोरगा जिम सफरचंद घ्यायला जातो, तळाशी एखादंच उरलंय म्हणून आतच उतरतो, डुलक्या लागतात, आणि बाहेर पिंपाला टेकून सिल्व्हर बसतो आणि कटाचं बोलायला लागतो. ते सगळ्यांना आठवतं. पण त्यानंतरचं बघ, सिल्व्हर, म्हणजे तोच आचारी, जवळच्या तरुण खलाशाला म्हणतो ऊठ रे, मला एक सफरचंद काढून दे, आणि जिमचा जीव कंठाशी येतो, तेवढ्यात दुसरा म्हणतो सफरचंद कसलं खातोस, रम काढ. एका माणसाला रमची तल्लफ आली म्हणून पुढची अख्खी कादंबरी शिल्लक राहिली!

‘ड्रॅक्युला’मधल्या डेमेटरवर खोट मालात आहे, मातीने भरलेली खोकी. ती बोट वादळात बंदरात शिरते तेव्हा सुकाणूला हात बांधलेला कॅप्टन मेलेला असतो. रात्री एकट्याने वाचू नकोस.

आता कॉनरॅड. हा माणूस स्वतः वीसेक वर्षं जहाजांवर काढून मग लिहायला बसला, इंग्रजी त्याची तिसरी भाषा, म्हणून त्याच्या बोटी वेगळ्याच. ‘हार्ट ऑफ डार्कनेस’मध्ये नदीतली आगबोट फुटलेली, दुरुस्तीला पाहिजेत रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडायचे खिळे. खाली किनाऱ्यावरच्या ठाण्यात रिव्हेट पायाखाली येतात इतके सांडलेले, आणि वर जिथे बोट आहे तिथे एक नाही. हमालांचे तांडे वर येतात ते काचेचे मणी आणि भडक कापड घेऊन, रिव्हेट मात्र नाहीत. एवढ्यावरून कळतं की त्या कंपनीला नदीत खरं काय करायचंय.

आणि ‘लॉर्ड जिम’ (१९००). यातली पाटणा म्हणजे गंजून गेलेली आगबोट, आठशे यात्रेकरू भरलेत. रात्री पाण्याखाली कशाला तरी घासते, पुढच्या भागात पाणी शिरतं, आणि पाणी आणि माणसं यांच्यात राहते एकच लोखंडी भिंत. बोटीवरचा तरुण अधिकारी जिम कंदील घेऊन खाली जातो, भिंतीला पोक आलेलं दिसतं, आणि त्याच्या समोर तळहाताएवढा गंजाचा पोपडा आपणहून गळून पडतो. कुणी हात लावला नाही, काही नाही. हे मी वाचलं आणि पुस्तक पालथं ठेवून थोडा वेळ उगाच खोलीत फिरलो. कारण त्या क्षणी त्याचा हिशोब झालेला असतो, माणसं आठशे, होड्या सात, वेळ नाही. वरती कॅप्टन आणि त्याची माणसं गुपचूप होडी सोडतायत, आणि हा, ज्याने आयुष्यभर स्वतःला हिरो समजलं, उडी मारतो. नंतर सांगतानाही तो ‘मी उडी मारली’ म्हणत नाही धड, उडी मारली होती असं दिसतं म्हणतो, जशी दुसऱ्याच कुणीतरी मारली.

आणि खरा टोला पुढे, बोट बुडतच नाही! भिंत टिकते. म्हणजे गंजलेली पाटणा शाबूत, आणि गळून पडला तो जिम. हे कॉनरॅडने हवेतून काढलेलं नाही, १८८० मध्ये जेद्दा नावाच्या यात्रेकरूंच्या जहाजाचं असंच झालं होतं, कॅप्टन आणि अधिकारी सोडून गेले, एडनला जाऊन जहाज गेलं म्हणून सांगितलं, आणि पाठोपाठ दुसऱ्या जहाजाने जेद्दाला ओढत एडनलाच आणलं. त्या लोकांची तोंडं कशी झाली असतील विचार कर.

तू म्हणशील ज्यूल व्हर्नच्या कॅप्टन निमोची पाणबुडी नॉटिलस, तिच्यात कुठंय खोट? मीही बरेच दिवस शोधली. सत्तर मीटर लांब, विजेवर चालते, बारा हजार पुस्तकांची लायब्ररी, बसायला मऊ कोच, मला तर भाड्याने मिळाली असती तरी चाललं असतं. (आणि पुस्तकाच्या नावातले ते वीस हजार लीग म्हणजे खोली नाही रे बाबा, कापलेलं अंतर आहे, तेवढं खोल गेलास तर पृथ्वीच्या पलीकडून बाहेर येशील.) खोट आहे ती दाराची. आत आलेला माणूस पुन्हा बाहेर सोडायचा नाही, हा निमोचा नियम. प्रोफेसर पुस्तकं आणि मासे बघून खूश, आणि ज्याला पुस्तकांशी देणंघेणं नाही तो नेड लँड पहिल्या दिवसापासून पळायचं बघतोय. लहानपणी मला नेड लँडचा राग यायचा, आता वाटतं तिथे शहाणा तोच होता.

अमिताव घोषची आयबिस (‘सी ऑफ पॉपीज’, २००८) तू वाचलीच आहेस म्हणून थोडक्यात, तिची खोट म्हणजे ती आधी गुलाम वाहायची. आता १८३८ मध्ये तिच्यातून गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले मजूर, मॉरिशसला चाललेत, तळघर तेच. आणि त्यात खलाशांची ती खिचडी भाषा, सारंग काय, टिंडल काय, आपले सारंग-तांडेल इंग्रजी पानावर भेटले की कसं घरचं माणूस परगावच्या स्टेशनवर दिसावं तसं होतं. हेमिंग्वेच्या ‘द ओल्ड मॅन अँड द सी’मधल्या म्हाताऱ्या कोळ्याचं तर काय सांगायचं, मासा अठरा फुटी आणि होडी त्याहून दोन फूट लहान, म्हणून तो बाहेर बांधावा लागतो आणि शार्कचं फावतं. होडी दोन फूट मोठी असती तर नोबेल मिळालं असतं की नाही कुणास ठाऊक.

बरं, पीक्वॉड. ‘मॉबी डिक’मधली, तुझी बोट. ती निघालीय देवमाशाच्या तेलासाठी, तिच्यात कितीतरी लोकांचे हिस्से आहेत, विधवा आणि बापाविना पोरंसुद्धा भागीदार, खलाशांना पगार नाही, नफ्यात वाटा, आणि आपल्या निवेदकाला तो तीनशेवा भाग मिळतो (आधी म्हातारा मालक ७७७ वा देत होता!). सुकाणूचा दांडा देवमाशाच्या जबड्याचा, कठड्याला खुंट्यांऐवजी देवमाशाचे दात. सगळं हाडाचं, पण हे खोट नव्हे, हा नटवा कारभार. खोट आहे डेकवरच्या फळीत. कॅप्टन अहाबचा एक पाय हाडाचा, हलत्या डेकवर तो घसरणार, म्हणून डेकच्या दोन्ही बाजूंना गिरमिटाने एकेक भोक पाडलंय, साधारण अर्धा इंच खोल, त्यात पाय रोवून तो उभा राहतो आणि समोर समुद्राकडे बघत राहतो. बास. अर्ध्या इंचाने बोटीत पाणी शिरत नाही, पण ते भोक पाडलं गेलं तेव्हाच भागीदारांची बोट संपली, ती एका माणसाच्या पायाच्या मापाची झाली. पुढची शंभर प्रकरणं मी तेच भोक वाचत होतो.

शेवट सांगत नाही. एवढंच, बुडत्याला काडीचा आधार म्हणतात ना, इथे तो आधार शवपेटीचा आहे, आणि १८५१ च्या लंडन आवृत्तीत नेमका तो शेवटचा भागच छापायचा राहिला होता, तर तिथले टीकाकार भडकले की सगळेच मेले तर ही गोष्ट सांगतंय कोण!

आता तुझं काय झालंय ते ऐक. ते भोक आहे अठ्ठाविसाव्या प्रकरणात, आणि तू सोडलंस बत्तिसाव्यात. म्हणजे त्याच्यावरून चालत पुढे गेलायस लेका, आणि तुझ्या पायाला लागलंसुद्धा नाही. मागे जा, तेवढं एक प्रकरण काढ, लहानसंच आहे. मग बत्तिसावं सरळ गाळ, मी कुणाला सांगणार नाही.

तुझा,
बाळ्या

ता. क. पुस्तक परत पाठवायची घाई करू नकोस. मी दुसरी प्रत घेतलीय.