रंग बदलला म्हणजे परफ्यूम डुप्लिकेटच, असं नाही हो!

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत परफ्यूम कसा निवडावा यावर अख्खं पान आलं होतं, चहा घेत घेत आवडीने वाचलं, पण त्यातल्या एका चौकटीत 'बाटलीतल्या परफ्यूमचा रंग गडद झाला तर तो नकली समजावा' असं बिनधास्त ठोकून दिलंय ते वाचून राहवलं नाही, म्हणून लिहितेय. याच समजुतीपायी मी एका दुकानदाराशी भर दुकानात भांडून आलेय आणि चूक माझीच निघाली.

झालं असं की मागच्या दिवाळीत बोनस मिळाला त्यातून स्वतःसाठी एक वुडी व्हॅनिला, म्हणजे लाकूड आणि व्हॅनिला अशा एकत्र वासाचा परफ्यूम घेतला, रोज ऑफिसला लावायला. घेतला तेव्हा लिंबू सरबतासारखा फिकट होता. आमचं ड्रेसिंग टेबल खिडकीला लागून, तिथेच बाटली उभी असायची. होळी येईपर्यंत त्याचा कटिंग चहा झाला. मग काय, बाटली पर्समध्ये टाकली आणि तडक दुकानात, तुम्ही डुप्लिकेट माल विकता, पैसे परत द्या, जे तोंडात येईल ते बोलले, चार गिऱ्हाईकं बघत उभी. त्या बिचाऱ्याने काही न बोलता त्याच परफ्यूमची टेस्टरची बाटली पुढे केली, ती माझ्या बाटलीपेक्षा काळी! म्हणाला, ताई, व्हॅनिला आहे ना, होणारच. मला वाटलं थापा मारतोय. घरी येऊन शोधाशोध केली तर माणूस शंभर टक्के खरं बोलत होता. व्हॅनिलाचा जो वास असतो तो मुख्यतः व्हॅनिलीन नावाच्या घटकाचा, आणि ते हवा-उजेड लागला की हळूहळू तपकिरी पडतं. खिडकीतलं ऊन मीच त्याला खाऊ घालत होते. वास तसाच असेल तर खुशाल वापरा, वास आंबूस किंवा उग्र झाला असेल तर मात्र टाकून द्या. आणि बाटली कपाटात ठेवा, बाथरूममध्ये तर अजिबात नको, गरम पाण्याच्या वाफेत रोज शेकून निघते.

त्याच पानावर 'खऱ्या व्हॅनिलाचाच परफ्यूम घ्या' असाही सल्ला आहे. आता काय बोलायचं? व्हॅनिला म्हणजे एका ऑर्किडच्या वेलाची शेंग, फूल उमलतं ते एकच दिवस, आणि त्याच्या मूळच्या मेक्सिकोबाहेर लावला की परागीभवन माणसाने हाताने करायचं, एकेक फूल धरून. ही हाताची युक्ती 1841 मध्ये रियुनियन बेटावरच्या एडमंड आल्बियस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने शोधली आणि आजही मादागास्करमध्ये तसंच चालतं. हिरव्या शेंगेला तर वासही नसतो, तो नंतर गरम पाण्यात बुडवून, घाम काढून, महिनोन्‌महिने वाळवून-मुरवून आणावा लागतो. एवढी मेहनत हजार-दोन हजारांच्या बाटलीत कुठून मावणार? त्यात असतं ते लॅबमधलं व्हॅनिलीन, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. पॅरिसच्या गेर्लां कंपनीने 1889 मध्ये आपल्या 'जिकी'त तेच घातलं होतं, 1925 च्या 'शालिमार'मध्ये त्याचाच आणखी कडक भाऊ एथिल व्हॅनिलीन.

मला सगळ्यात गंमत वाटली ती वेगळीच. हे व्हॅनिलीन पहिल्यांदा बनवलं ते 1874 मध्ये, टीमान आणि हारमान या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी, आणि कशापासून, तर पाइनच्या झाडात सापडणाऱ्या एका पदार्थापासून! म्हणजे लाकूड आणि व्हॅनिला हे मार्केटिंगवाल्यांनी जमवलेलं लग्न नाही, ते आधीपासूनचे नातेवाईक आहेत. आमच्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात एखादं पिवळं पडलेलं पुस्तक उघडलं की जो गोडसर वास येतो ना, त्यातही थोडं हेच असतं, कागदात लाकडातून आलेला लिग्निन नावाचा घटक असतो, तो हळूहळू तुटत जातो त्यातून व्हॅनिलीन सुटतं. हे कळल्यापासून मी तिथे पुस्तक आधी हुंगते, मग वाचते, काउंटरवरच्या बाई विचित्र बघतात, बघू देत.

आता रोज लावायचं म्हणाल तर नुसता व्हॅनिला आपल्याकडे जमत नाही हे मान्य. मी आधी एक घेतला होता, तो लावून हॉलमध्ये आले की सासूबाई आतून विचारायच्या, "अगं, सकाळी सकाळी कस्टर्ड केलंस का?" कस्टर्ड पावडरचा डबाच अंगावर उपडा केल्यासारखं. लाकडाने तो गोडवा आवरतो. चंदन, सीडर जे काही असेल त्याने तो कोरडा होतो, सहाणेवर नुकतं उगाळलेलं गंध बोटाला लागलेलं असतं ना, तसा काहीसा. (चंदनही बाटलीत बहुधा लॅबचंच बरं का, खऱ्याचे भाव बघितलेत ना.) आणि दोनच स्प्रे, मनगटावर आणि मानेमागे, आंघोळीनंतर थोडं मॉइश्चरायझर लावून मग. मे महिन्यात एकच, घामात तो जडच होतो.

सकाळच्या सव्वाआठच्या लोकलला लेडीज डब्यात गजरा, तेल, कोणाचा डबा, कोणाचा बॉडी स्प्रे, सगळं एका हातभर जागेत असतं. तिथे 'मॅडम बारा तास टिकतो, खोलीभर वास' वाला परफ्यूम म्हणजे शेजारणीच्या डोक्याला ताप. पण दुकानात बघा, विकतात ते याच बोलीवर, आणि तुमच्या पानावरही प्रत्येक बाटलीपुढे किती तास टिकतो एवढंच दिलंय. माझा तीन-चार तासांत अंगालगत बसतो, मग कोणी खेटून बसलं तरच कळतो. परवा एका कॉलेजच्या मुलीने घाटकोपरला उतरता उतरता नाव विचारलं, सांगायच्या आत गर्दीने ओढून नेलं तिला.

तर रंगाच्या चौकटीची तेवढी दुरुस्ती छापा ही विनंती, नाहीतर अजून चारजणी माझ्यासारख्या दुकानात जाऊन भांडतील. मी त्या दुकानात जाऊन सॉरी म्हणून आलेय, त्याने मला पाच मिलीची बाटली फुकट दिली, ते आणखीच लाजिरवाणं.

आपली,
एक नियमित वाचक, ठाणे

ता. क. परफ्यूम कपड्यावर मारू नका, विशेषतः पांढऱ्या. माझ्या चिकनच्या कुर्त्याच्या कॉलरवर तपकिरी डाग पडलाय, लिंबू झालं, सोडा झाला, जात नाहीये. कोणा वाचकाला उपाय माहीत असेल तर कळवा.